सर्व पुस्तकांना समान ऊन

२ जानेवारी २०२३, सोमवार. सकाळ.

नवी डायरी. नीलेशने, माझ्या मुलाने, आणून दिली. पहिल्या पानावर रक्तगट विचारलाय. माहीत नाही. जागा सोडून दिली.

यंदाचे संकल्प. रोज लिहायचं. खोटं लिहायचं नाही, कारण वाचणारी मीच. लिलाधर वाचनालय शिस्तीत चालवायचं. 'अक्षरओटा' ग्रुपवर आठवड्यातून एक तरी मुद्दा ठामपणे मांडायचा. फेसबुकवरचा हा वाचणाऱ्यांचा ग्रुप. अकरा हजार माणसं, बहुतेक पुण्या-मुंबईकडची, काही थेट अमेरिकेतली. आंधळगावच्या आम्ही दोघीच. मी आणि कीर्ती. ती नुसती वाचते, लिहीत नाही. मला मोबाईलवर ग्रुपात घालून देणारीही तीच.

वाचनालय म्हणजे ह्यांची पुस्तकं, नावही ह्यांचंच. दोनशे बारा. हे जन्मभर मागावर बसले, कोसा रेशीम विणलं, आणि साड्या द्यायला नागपूरला गेले की रद्दीच्या दुकानातून पुस्तकं घेऊन आले. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचं सगळं शिक्षण ह्यांच्या मागाशेजारी, धाग्याच्या कांड्या भरता भरता. म्हणायचे, वाच मोठ्याने. आणि स्वतः मागाचा धोटा काही थांबवायचे नाहीत. त्या खडखडाटावर मला ओरडून वाचायची सवय लागली. माग चार वर्षं बंद आहे. आवाज अजून खाली आलेला नाही.

ह्यांना जाऊन दिवाळीला चार वर्षं झाली.

सभासद सतरा. वाचणारी एक.

४ जानेवारी. दुपार.

ती एक म्हणजे कीर्ती. सखाबाईची नात. सखाबाई तलावाची मासोळी दारोदार विकते, बुधवारी नि रविवारी आमच्या गल्लीत येते. कीर्ती मोहाडीच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला.

आज दोन पुस्तकं परत आणली. रीतीप्रमाणे दोरीवर टाकली. रीत अशी की ढिवर मोहल्ल्यातून, म्हणजे मासेमारांच्या वस्तीतून, पुस्तक आलं की दोन दिवस ओसरीसमोर, रस्त्याच्या कडेच्या दोरीवर उन्हात. मग कपाटात. मासोळीचा वास पानात मुरतो, त्याला इलाज नाही. यात भेदभाव वगैरे काही नाही. मी मासोळी खाते. आवडीने खाते. पण पुस्तक म्हणजे पुस्तक.

कीर्तीने मागावं तर जहाजांचं जाड पुस्तक. हे शेवटी तेच वाचत होते. पान १४३ वर पेन्सिल ठेवून पाणी प्यायला उठले. तेवढंच. त्यापुढे मी गेले नाही. कोणीच गेलेलं नाही. नाही म्हणणार होते, पण वाचनालयात असं चालत नाही. दिलं. पेन्सिल हलवायची नाही असं बजावलं. ती म्हणाली, नाही हलवत काकू. बाकी दोन पुस्तकं तिने स्वतःच निवडली.

८ जानेवारी, रविवार.

नीलेश आणि मोनिका येऊन गेले. नीलेश फॅक्टरीत आहे, जवाहरनगरला क्वार्टर आहे. मोनिका त्याची बायको, स्वभावाने चांगली, प्रकृतीने नाजूक. आजही सर्दी. आल्यापासून जाईपर्यंत नाकाला ओढणी. दर वेळी असंच होतं. त्या क्वार्टरमध्ये ओल असणार. हळदीचं दूध दिलं. ते तिने अंगणात जाऊन प्यायलं.

सकाळीच रेशमाचे वीस कोसे उकळले होते. ह्यांनी शेवटच्या दसऱ्याला दोन पोती कोसे घेऊन ठेवले होते. पुस्तकांच्या खोलीतच आहेत, कपाटाखाली. आठवड्याला वीस काढते, सोड्याच्या पाण्यात उकळते, धागा सोडवते. शेजारची मंदाबाई म्हणते, महिन्याभराचं काम, चार वर्षं काय करून राहिली. हात मोडू नये म्हणून करते. दीड पोतं शिल्लक आहे. घाई कशाला. कोसे उकळले की घर कसं भरल्यासारखं वाटतं.

११ जानेवारी.

ग्रुपवर मोठा विषय. अमेरिकेतल्या एका गृहस्थांनी लिहिलं की त्यांच्या कोटाला फोडणीचा वास येतो म्हणून ऑफिसातल्या लोकांनी त्यांची खुर्ची खिडकीजवळ सरकवली. हसतमुखाने. आता हा रेसिझम, की साधा पूर्वग्रह, की काहीच नाही?

तीनशे उत्तरं. एक म्हणतो, सरकवणाऱ्याच्या हाती सत्ता असेल तरच रेसिझम. दुसरा म्हणतो, मनात आलं तरी पुरे. ठाण्याचे एक निवृत्त बँकवाले म्हणतात, कोट धुवा. एका बाईंनी इंग्रजीत व्याख्या टाकली, दुसरीने मराठी ग्रुपवर इंग्रजी कशाला म्हणून झापलं, मग ते भांडण वेगळं पेटलं.

तीनशेच्या तीनशे वाचली. डाळ करपली.

१२ जानेवारी.

मुद्दा मांडला. माझा अंगठा भलत्याच अक्षरावर पडतो, म्हणून मी सांगितलं आणि कीर्तीने पायरीवर बसून टाईप केलं. चांगलं झालंय, उतरवून ठेवते.

"वासावरून माणसाची किंमत ठरवणारे कितीही शिकलेले असोत, अडाणीच. वास कष्टाचा असतो, स्वयंपाकाचा असतो, धंद्याचा असतो. ज्याला दुसऱ्याच्या वासाचा त्रास होतो त्याने आधी स्वतःचं नाक तपासावं. दादा, खुर्ची पुन्हा मध्ये आणून ठेवा. सत्यभामाबाई, आंधळगाव, जिल्हा भंडारा."

मध्येच कीर्ती थांबली आणि दोरीकडे बघत बसली. काय झालं विचारलं. म्हणाली, काही नाही काकू, 'वास' तीनदा आला. मी म्हटलं येऊ दे, जोर येतो.

१३ जानेवारी.

चारशे बारा लाईक. गृहस्थांनी लिहिलं, ताई, डोळे भरून आले. ॲडमिनबाईंनी माझा मजकूर सगळ्यात वर लावला. एकाने विचारलं, भंडाऱ्यात नेट चालतं का. याला म्हणतात पूर्वग्रह. उत्तर दिलं: चालतं, तुमचा प्रश्न पोहोचला.

भैय्यालाल पोस्टमन आला होता. तो नेहमीप्रमाणे समोरच्या चिंचेखालूनच हाक मारतो, ओसरीवर पाय ठेवत नाही. एकट्या बाईच्या घरची मर्यादा पाळणारी माणसं अजून आहेत.

१५ जानेवारी, संक्रांत.

मंदाबाईकडे हळदीकुंकू. गल्लीतल्या सगळ्या गेल्या. मला बोलावणं नाही, चार वर्षं नाही. दुपारी तिची सून माझी मोठी परात मात्र मागायला आली. परातीला नवरा लागत नाही वाटतं. दिली. संध्याकाळी वर चार तिळाचे लाडू ठेवून परत आली. मागच्या दाराने.

लिहून ठेवते, हा शंभर टक्के पूर्वग्रह. मंदाबाई मनाने वाईट नाही. पण आपण काय करतो ते तिचं तिला दिसतच नाही. अशा माणसांची कीव करावी.

लाडू चांगले होते. म्हणून मत बदलत नाही.

१९ जानेवारी.

कपाटाची तपासणी केली. कीर्तीने नेऊन आणलेल्या पुस्तकांची कव्हरं विटलीत. लाल होतं ते गुलाबी, निळं होतं ते राखेसारखं. बाकीची पुस्तकं ठणठणीत, ती कोणी नेतच नाही. म्हणजे ही पोर उन्हात बसून वाचते. त्या मोहल्ल्यात पुस्तक कसं हाताळावं हे कोणी शिकवलेलं नाही, त्यात त्यांचा दोष नाही.

नियम सातवा केला. पुस्तक उन्हात नेऊ नये. जाड अक्षरात लिहून लावला. चिकटवायला सोयीची जागा दोरीच्या खांबावरच होती.

२५ जानेवारी, बुधवार.

कीर्ती दोन पुस्तकं परत देऊन, एक कादंबरी घेऊन गेली. दोरीवर टाकली. जहाजांचं पुस्तक अर्धं झालंय, काही दाखवायचं होतं म्हणून तेही आणलं होतं.

पान ८८. ह्यांनी कडेला पेन्सिलीने लिहिलंय, 'एवढं उंच जहाज कलंडत का नाही?' त्याखाली कीर्तीचं बारीक अक्षर. 'पोटात वजन असते म्हणून. आमच्या डोंग्यातही जड माणूस मधात बसवतात.'

वाचनालयाच्या पुस्तकात लिहिणं नियम चारच्या विरुद्ध. बोलायला तोंड उघडलं. मग ते पान पुन्हा वाचलं. ह्यांच्या प्रश्नांनी दोनशे बारा पुस्तकांच्या कडा भरल्यात. मला उत्तरं यायची नाहीत, मी नुसतं 'बरं' म्हणायची. ह्यांना कोणी उत्तर दिलेलं मी आज पहिल्यांदा पाहिलं.

रागवायचं राहून गेलं. पुढच्या वेळी नक्की.

२६ जानेवारी. सकाळ.

झेंडावंदन करून आले आणि डोक्यात आलं. मोबाईलमध्ये बोललं की अक्षरं उमटतात हे कीर्तीनेच शिकवलंय. ओसरीचा फोटो काढला, पाटी, छोटा झेंडा, सगळं दिसेल असा. ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: "आमच्या लिलाधर वाचनालयात जात पाहत नाहीत. ढिवर मोहल्ल्यातल्या सखाबाई मासोळीवालीची नात कीर्तीसुद्धा इथे वाचते." तिला सांगितलं नाही. बघेल तेव्हा खूश होईल.

त्याच दिवशी. दुपार.

एकीने विचारलं, ताई, मागे दोरीवर पुस्तकं का? खोटं लिहायचं नाही हा संकल्प. खरं ते सांगितलं. कीर्तीकडून आलेली आहेत, मासोळीचा वास जावा म्हणून दोन दिवस ऊन दाखवते.

चहा करून आले तोवर दोनशे उत्तरं.

२७ जानेवारी.

कोणीतरी माझा बारा तारखेचा मजकूर आणि दोरीचा फोटो शेजारी शेजारी लावून टाकला. वर एक शब्द लिहिलेला नाही. आठशे लाईक. मला चारशे बारा होते.

मी मागे हटणार नाही. सकाळभर विचार करून उत्तर तयार केलं. पूर्वग्रह म्हणजे न पाहता, न तपासता ठरवणं. मी प्रत्येक पुस्तक नाकाशी धरून तपासते. वास येतो. तपासून ठरवलं तर तो अनुभव झाला. ज्यांनी आयुष्यात मासोळीवालीच्या घरी पुस्तक दिलं नाही त्यांनी मला शिकवू नये.

यावर माझ्या बाजूने एकटेच उभे राहिले, ते ठाण्याचे बँकवाले. ताई बरोबर बोलतात, म्हणाले, आणि पुढे 'ह्या लोकांना' असं सुरू करून सहा ओळी लिहिल्या. त्या वाचून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. जेवण लवकर केलं असेल म्हणून.

३० जानेवारी.

अमेरिकेतल्या गृहस्थांचं उत्तर आलं. "ताई, आमच्या ऑफिसातलेही असंच म्हणाले होते. तुमच्याबद्दल काही नाही, फक्त वास."

कृतघ्न माणूस. ह्याच्यासाठी मी डाळ करपवली. खुर्ची खिडकीजवळच ठीक आहे तुमची.

ॲडमिनबाईंनी मला सात दिवस बोलायची बंदी घातली. ग्रुप सोडायचं पक्कं ठरवलं. पण सोडताना निरोपाचा खरमरीत मजकूर टाकायचा तर बंदी आहे. म्हणून नाइलाजाने राहते.

२ फेब्रुवारी.

रविवारी कीर्ती आली नाही. काल बुधवार, सखाबाई पलीकडच्या कडेने निघून गेली, हाक दिली नाही. मासोळी कमी असेल.

जहाजांचं पुस्तक कीर्तीकडेच आहे. काळजी आहे ती पुस्तकाची. त्यात ह्यांची पेन्सिल आहे.

३ फेब्रुवारी.

पुस्तक मागायला निघाले. तलावाच्या वळणापर्यंत गेले. तिथून मोहल्ल्यातली घरं दिसतात. चपलेचा अंगठा तुटल्यासारखा वाटला म्हणून परत आले. घरी येऊन पाहिला. शाबूत आहे. पण तुटला असता.

५ फेब्रुवारी, रविवार.

आज निकाल लावला. नीलेश एकटाच आला होता, मोनिकाला सर्दी. त्याच्या डोळ्यांवर दुपट्टा बांधला. दहा पुस्तकं. पाच कीर्तीकडे जाऊन आलेली, पाच कपाटाबाहेर कधी न गेलेली. एकेक नाकाशी धरायचं आणि वास आहे की नाही ते सांगायचं. निकालाचा कागद ग्रुपवर टाकून सगळ्यांची तोंडं बंद करणार होते.

नीलेश म्हणाला, सगळ्यांना येतो. मी म्हटलं, नीट घे. पुन्हा घेतला. दहाच्या दहा. मग दुपट्टा वर करून म्हणाला, आई, एक सांगू का. मी म्हटलं, परीक्षेत मध्ये बोलायचं नसतं.

निष्कर्ष गंभीर आहे. मासोळीचा वास पसरलाय. पाच पुस्तकांनी सगळं कपाट धरलं.

६ फेब्रुवारी.

बंदी उठली. नवी दिशा सापडली. सगळ्याच पुस्तकांना ऊन द्यायचं. वास जाईल आणि ग्रुपलाही उत्तर मिळेल. आता म्हणा भेदभाव. निरोपाचा मजकूर रद्द. त्याऐवजी नवं वाक्य तयार आहे: सर्व पुस्तकांना समान ऊन.

गल्लीतून सहा खाटा मागून ठेवल्या. मंदाबाईने विचारलं, लग्न हाय का घरी.

८ फेब्रुवारी, बुधवार. संध्याकाळ.

काय लिहू.

सकाळी नऊला सगळी पुस्तकं बाहेर मांडली. माझी धरून सात खाटा, जवळजवळ सगळा रस्ता अडला. फोटो काढला, वाक्य टाकलं. फार सुरेख दिसत होतं. हे असते तर खाटांमधून हात मागे बांधून फिरले असते.

तेवढ्यात सखाबाई आली. खाटांमुळे तिला पलीकडच्या कडेने जाता येईना. थांबली. डोक्यावरची टोपली उतरवली नाही. सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाली, "बरं केलं बाई. आमचा तरास वाचला."

कसला त्रास, मी विचारलं.

"उन दाखवाचा. तुमचं पुस्तक घरी आलं का मी दोन दिवस मांगच्या आंगनात टाकतो, मंग आत घेतो. कोशाचा वास लय मारते ना."

मला वाटलं ती थट्टा करते. सखाबाई थट्टा करत नव्हती. भाव सांगावा तसं सांगत होती. किती दिवसांपासून, असं विचारलं. पोरगी पुस्तकं नेऊन राहिली तेव्हापासून, चार साल. मी म्हटलं, मग बोलली काहून नाहीस.

"काय बोलाचं? मालक गेले, त्याहिचा माल तुमी घरात जपून ठेवला. बोललं तं तुमच्या जिवाले लागलं असतं. म्हून तं मांगच्या आंगनात टाकतो. रस्त्यावरून दिसत नाही तिकडचं."

मग तिने माझ्या दोरीकडे पाहिलं. मीही पाहिलं. दोरी रस्त्यावर आहे.

तिला वाचता येत नाही. खांबावरच्या कागदावर काय लिहिलंय म्हणून विचारलं. खोटं बोलायचं नाही. सांगितलं, पुस्तक उन्हात नेऊ नये. सखाबाई टोपली हलेपर्यंत हसली. मासोळी न देताच गेली.

कव्हरं का विटली ते कळलं. दोन दिवस तिचे, दोन दिवस माझे.

९ फेब्रुवारी.

एका मासोळीवालीच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा नाही. हे वाक्य लिहून झाल्यावर पुन्हा वाचलं. तसंच ठेवते, खोडत नाही. मीच लिहिलंय.

चौकशी सुरू केली. भैय्यालालला चिंचेखाली जाऊन विचारलं, की तू ओसरीवर का येत नाहीस. आधी खाली पाहिलं, मग म्हणाला, "बाई, तुमचं घर सापडाले पत्ता लागत नाही."

नीलेशला फोन केला. आधी माझी तब्येत विचारली. मग म्हणाला, आई, मोनिकाला सर्दी नाही. मोहाडीच्या शाळेत माझ्या बाकावर कोणी बसायचं नाही, म्हणाला. मला का नाही सांगितलंस? म्हणाला, बाबांना सांगितलं होतं. बाबा म्हणाले, आईला बोलू नको, तिला येत नाही तो वास.

फोन ठेवून पुस्तकांच्या खोलीत गेले. पोत्याचं तोंड उघडून नाक आत घातलं. जोरात श्वास घेतला. कोशाचा वास आला नाही. ह्यांच्या सदऱ्याचा आला.

१० फेब्रुवारी.

'सर्व पुस्तकांना समान ऊन' ला नऊशे लाईक. ॲडमिनबाईंनी वर लावलं. अमेरिकेतल्या गृहस्थांनी 'ताई, सलाम' लिहिलं. ठाण्याच्या बँकवाल्यांनी त्यांच्या मित्रयादीतून माझं नाव काढून टाकलंय, ते एक बरं झालं.

खरं काय ते सांगणारा मजकूर बोलून पाहिला. चार वेळा. माफी मागणारा एक, न मागणारे तीन. सगळे पुसले. अकरा हजार लोकांची माफी का मागू? त्यांच्यातल्या कोणाचं पुस्तक मी रस्त्यावर टाकलं नव्हतं. कोणाचं नाव मोहल्ल्यासकट छापलं नव्हतं. सव्वीस तारखेचा फोटो तेवढा काढून टाकला. नऊशे लाईकवालाही काढला. पुसण्याआधी आकडा पुन्हा एकदा पाहिला, कबूल करते. नऊशे होते.

११ फेब्रुवारी.

वळणाच्या पुढे गेले. चप्पल ठीक होती.

सखाबाईचं मागचं अंगण खरंच रस्त्यावरून दिसत नाही. तिथे जाळी वाळत होती, आणि एका पाटीवर माझ्याकडून मागच्या महिन्यात नेलेली कादंबरी अजून उघडीच, आत न घेतलेली. परत आली असती तर मी पुन्हा वाळवली असती.

कीर्ती बाहेर आली. मी पुस्तक न्यायला आले असं म्हटलं. ती आत गेली नाही. म्हणाली, "दोरीचं मले काही नव्हतं काकू. चार सालापासून पाहून राहिली. पण तुमी माहं नाव लिहिलं. कॉलेजात पोरी माही वही हाती घेतात, नाकाले लावतात, मंग हसतात."

माझ्याकडे व्याख्या होत्या. सत्तेची, मनातली, तपासून ठरवलेली. एकही तोंडी आली नाही. "चुकलं माझं," म्हटलं. हळू म्हणायचं होतं. मागावरची सवय. सगळ्या मोहल्ल्याला ऐकू गेलं. दोन घरांतून माणसं बाहेर आली. एका म्हाताऱ्याने काय झालं विचारलं, तर सखाबाईने मागूनच सांगितलं, काही नाही, बाई चुकली.

पुस्तक न घेताच परत आले.

१२ फेब्रुवारी, रविवार. दुपार.

कीर्ती आली. जहाजांचं पुस्तक घेऊन. उघडून दाखवलं. पान १४३, पेन्सिल जिथल्या तिथे. १४२ पर्यंत कडेला तिची उत्तरं, त्यापुढे काही नाही. पुढे का वाचलं नाहीस, विचारलं. म्हणाली, पुढचं आधी तुमी वाचा.

दोरी मी सकाळीच सोडून ठेवली होती. तिने पाहिलं. म्हणाली, राहू द्याची होती काकू, कपडे वाळवाच्या कामी येते. पुन्हा बांधली. नियम सातवा फाडला.

आत बोलावलं. चार वर्षांत पहिल्यांदा, ओसरीवर नाही, पुस्तकांच्या खोलीत, ह्यांच्या मागाजवळ बस म्हटलं. मनात ठरवलं होतं की हा मोठा क्षण आहे. ती उंबऱ्यापर्यंत आली आणि थांबली.

"बाहेरच बसू काकू. आत लय वास येते."

तोंडावर म्हणाली. मी दोन खुर्च्या बाहेर आणल्या. आधी तिची ठेवली, मग माझी. तिने वाऱ्याचा अंदाज घेतला आणि स्वतःची थोडी सरकवली. हसतमुखाने.

पेन्सिल तिच्या हातात दिली आणि १४४ वं पान वाचायला घेतलं. मोठ्याने. मंदाबाई दारात येऊन उभी राहिली, चिंचेखाली भैय्यालाल थांबला. जहाज बंदरातून निघतं तिथपासून पुढे. दुसऱ्या ओळीला अडखळले, मग लागला आवाज.

पान उलटताना सवयीने नाकाशी धरलं. कसलाच वास आला नाही. पण माझ्या नाकाचं काय खरं.